शुक्राणूंचा आकडा नेमका कसा निघतो

पुरुष वंध्यत्वावरचा कुठलाही शोधनिबंध हातात आला की निष्कर्षाआधी मी पद्धतीचा भाग उघडतो. तिथे तीन गोष्टी बघायच्या: नमुना दिल्यापासून किती वेळात तपासला, कुठल्या चेंबरमध्ये (मोजणीसाठीच्या ठरावीक खोलीच्या काचपट्टीत) मोजला आणि एकूण किती शुक्राणू मोजले. यांचा उल्लेखच नसेल तर पुढचे तक्ते कितीही देखणे असोत, त्यांच्यावर फार विसंबू नये.

कारण साधं आहे. व्हेरिकोसीलच्या, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांच्या, ऑपरेशनने फायदा झाला का, अमुक गोळ्यांनी फरक पडला का, गेल्या पन्नास वर्षांत पुरुषांची प्रजननक्षमता घटली का, या सगळ्यांची उत्तरं शेवटी एकाच तपासणीवर येऊन टेकतात: सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्य तपासणी. ही तपासणी वरवर सोपी वाटते. एक थेंब, एक मायक्रोस्कोप आणि मोजणारा माणूस. प्रत्यक्षात नमुना लॅबमध्ये पोचायच्या आधीच आकडा बिघडायला सुरुवात झालेली असू शकते.

पहिला मुद्दा आधीच्या स्खलनापासून किती दिवस गेले याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार हे अंतर २ ते ७ दिवसांचं हवं. त्याहून कमी असेल तर वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची संख्या दोन्ही उतरतात. जास्त असेल तर संख्या वाढते, पण साचून राहिलेल्या, मेलेल्या शुक्राणूंचा वाटाही वाढतो. २ ते ७ ही मर्यादा रुग्णाच्या तपासणीसाठी ठीक आहे, संशोधनासाठी ती फार सैल आहे. औषधाआधीचा नमुना दोन दिवसांच्या अंतराने आणि औषधानंतरचा सहा दिवसांच्या अंतराने घेतला, तर संख्या वाढलेलीच दिसणार आणि श्रेय औषधाला मिळणार. म्हणून एका व्यक्तीच्या सगळ्या नमुन्यांत हे अंतर शक्यतो सारखं ठेवायचं, आणि ते दिवसांत नोंदवायचं. ‘सूचनेप्रमाणे’ एवढं लिहून भागत नाही.

दुसरा मुद्दा नमुना पूर्ण मिळाला का, हा. वीर्य एकजिनसी बाहेर येत नाही. पहिल्या भागात प्रोस्टेटचा स्राव आणि बहुतेक शुक्राणू असतात; नंतरच्या भागात मुख्यतः सेमिनल व्हेसिकलचा, म्हणजे वीर्यकोशाचा, स्राव येतो. त्यामुळे सुरुवातीचे थेंब डब्याबाहेर गेले तर नुकसान मोठं, शेवटचे गेले तर तुलनेने कमी. बहुतेक पुरुष हे संकोचापोटी सांगत नाहीत. ‘नमुना सांडला का?’ असं खिडकीवरून सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘काही भाग बाहेर गेला असल्यास पहिला की शेवटचा?’ असा प्रश्न फॉर्मवर छापून ठेवला की उत्तरं खरी येतात.

डबा रुंद तोंडाचा, शुक्राणूंना अपाय न करणाऱ्या प्लास्टिकचा आणि आधी वजन करून ठेवलेला हवा. साधा कंडोम चालत नाही, कारण लेटेक्सवरची द्रव्यं शुक्राणूंची हालचाल मारतात. बहुतेक ल्युब्रिकंटही तेच करतात. घरून नमुना आणायचा असेल तर शरीरालगत आतल्या खिशात ठेवावा, २० ते ३७ अंश सेल्सियसमध्ये. फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. तपासणी अर्ध्या तासात सुरू व्हावी, फार तर एका तासात.

ताजं वीर्य आधी गोठल्यासारखं घट्ट होतं आणि मग प्रोस्टेटमधून आलेल्या पीएसए या एन्झाइममुळे पातळ होतं. याला साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात. साठ मिनिटांनंतरही घट्टच असेल तर तशी नोंद करायची. पातळ होण्याआधीच मोजायला घेतलं तर शुक्राणू एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी मिळतात, आणि पुढचं सगळं गणित हवेत जातं.

आकारमान मोजायचं ते वजनावरून. भरलेल्या डब्याच्या वजनातून रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं. वीर्याची घनता एका मिलीलीटरला जवळपास १ ग्रॅम धरली जाते, म्हणून ग्रॅम तेवढेच मिलीलीटर. अजूनही पुष्कळ ठिकाणी नमुना सिरिंजमध्ये ओढतात किंवा मोजपात्रात ओततात. वीर्य चिकट असल्याने ते डब्याच्या आणि सिरिंजच्या भिंतींना लागून राहतं आणि ०.३ ते ०.९ मिलीलीटरपर्यंत फटका बसतो. १.८ मिलीलीटरचा नमुना १.३ दिसला की तो लगेच १.४ च्या खालच्या मर्यादेखाली घसरतो, आणि एकूण संख्याही त्याच प्रमाणात कमी होते, कारण ती ‘दर मिलीलीटरची संख्या गुणिले आकारमान’ अशीच काढतात.

आकारमानाचा हा आकडा दुय्यम समजून सोडून देतात, ते चुकीचं आहे. आकारमान १.४ च्या खाली, पीएच ७.२ पेक्षा कमी, फ्रुक्टोज नाही आणि शुक्राणू शून्य, असे चार निष्कर्ष एकत्र आले तर वीर्यकोशाचा स्राव बाहेरच येत नाही असा अर्थ होतो. फ्रुक्टोज आणि अल्कधर्मीपणा, दोन्ही तिथूनच येतात. मग एक तर स्खलननलिकेत अडथळा आहे किंवा शुक्रवाहिन्या जन्मतःच नाहीत. दुसरी शक्यता बोटांनी कळते: अंडकोषाच्या पिशवीत शुक्रवाहिनी कडक दोरीसारखी लागते, इथे ती लागतच नाही. अशा वेळी बायोप्सीची घाई करण्यापेक्षा सीएफटीआर जनुकाची तपासणी आधी, आणि ती जोडीदाराचीही. दोघांकडे दोष असेल तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा गंभीर आनुवंशिक आजार होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करून घ्यावी, कारण काहींना एका बाजूचं मूत्रपिंड नसतं. याउलट आकारमान कमी पण वीर्य आम्लधर्मी नाही, असं असेल तर स्खलनानंतरची लघवी तपासायची. मधुमेह, मज्जारज्जूची इजा, प्रोस्टेटचं ऑपरेशन किंवा टॅमसुलोसिन, सिलोडोसिनसारखी औषधं यांमुळे वीर्य पुढे येण्याऐवजी मूत्राशयात जाऊ शकतं. शुक्राणू तिथे सापडले की निदान झालं.

आता हालचाल. स्लाइडवर १० मायक्रोलीटरचा थेंब आणि त्यावर २२ बाय २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप, म्हणजे साधारण २० मायक्रॉन खोलीचा थर तयार होतो. थेंब याहून लहान घेतला तर थर इतका पातळ होतो की शुक्राणूंचं डोकं नीट फिरत नाही. स्लाइडचं तापमान ३७ अंश हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीने पुन्हा चार गट आणले: सेकंदाला २५ मायक्रॉन किंवा अधिक वेगाने पुढे जाणारे, ५ ते २५ मध्ये रेंगाळत पुढे जाणारे, जागच्या जागी हलणारे आणि निश्चल. पहिल्या दोन गटांची सीमा तापमानाला फार हळवी आहे. स्लाइड तापवणारी पट्टी बंद असेल तर वेगवान शुक्राणू संथ गटात जातात. गार खोलीत काम करणाऱ्या लॅबने ‘थंडीत हालचाल घटते’ असा शोध लावला तर आधी ती पट्टी तपासावी.

डोळ्याचीही एक खोड आहे. तो हलणाऱ्या वस्तूकडे आधी जातो, आणि मोजता मोजता क्षेत्रात नव्याने पोहत आलेलेही त्यात धरले जातात. म्हणून ठरावीक चौकटीतले पुढे जाणारे आधी झटकन मोजायचे, मग उरलेले. दोन वेगळ्या थेंबांत प्रत्येकी किमान २०० मोजायचे आणि दोन्ही निकाल जुळतात का ते बघायचं.

खरी परीक्षा संख्येची. चांगली लॅब आणि कामचलाऊ लॅब यांतला फरक इथेच दिसतो. नमुना नीट ढवळून ५० मायक्रोलीटर घ्यायचा आणि ९५० मायक्रोलीटर द्रावणात मिसळायचा, म्हणजे १ ला २० असं विरलन होतं. द्रावण साधं असतं: लीटरभर पाण्यात ५० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि १० मिलीलीटर ३५ टक्के फॉर्मलिन. फॉर्मलिनमुळे शुक्राणू थांबतात. पळणाऱ्या शुक्राणूंची संख्या धड मोजता येत नाही. पिपेट नेहमीची हवेवर चालणारी नको, दांड्याने थेट द्रव ओढणारी हवी, कारण घट्ट द्रव हवेच्या पिपेटमध्ये ठरल्यापेक्षा कमी चढतो. टोकाच्या बाहेर लागलेलं वीर्य पुसून मगच सोडायचं. ५० च्या जागी ४५ मायक्रोलीटर गेले की आकडा सरळ १० टक्क्यांनी खाली.

मोजायला सुधारित न्यूबॉअर चेंबर, म्हणजे जाळी कोरलेली जाड काचपट्टी. कव्हरस्लिप दाबून बसवली की टेकलेल्या जागी इंद्रधनुषी कडी दिसतात. ती दिसली नाहीत तर खोली १०० मायक्रॉन नाही असं समजून पुन्हा बसवायची. दोन्ही बाजू भरायच्या, ओलसर झाकणाखाली किमान चार मिनिटं थांबायचं म्हणजे शुक्राणू तळाशी बसतात, आणि मग फेज काँट्रास्ट मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मधल्या जाळीचं क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणून एका जाळीत १०० नॅनोलीटर. त्यात पाच ओळी, प्रत्येक ओळीत २० नॅनोलीटर. डोकं आणि शेपूट दोन्ही असलेलाच शुक्राणू धरायचा. चौकटीच्या रेषेवर डोकं आलं तर दोन बाजूंच्या रेषेवरचे धरायचे, समोरच्या दोन बाजूंवरचे सोडायचे. नाहीतर तोच शुक्राणू दोनदा मोजला जातो.

समजा, वरच्या बाजूच्या पाच ओळींत २२० आणि खालच्या पाच ओळींत २०० मिळाले. आधी दोन्ही जुळतात का ते बघा. बेरीज ४२०, तिचं वर्गमूळ सुमारे २०.५, त्याला १.९६ ने गुणलं की ४०. फरक २० चाच आहे, म्हणजे चालेल. आता ४२० भागिले २०० नॅनोलीटर म्हणजे २.१, गुणिले विरलनाचे २०, उत्तर दर मिलीलीटरला ४२ मिलियन. तेच जर २४५ आणि १७५ आले असते तर बेरीज तीच, पण फरक ७०. हा नमुना नीट मिसळलेला नाही किंवा चेंबर नीट भरलेलं नाही. सरासरी काढून पुढे जायचं नाही, नव्याने विरलन करून परत मोजायचं. इथे सरासरी काढणारे फार आहेत.

दोन्ही मिळून ४०० मोजा हा आग्रह कशासाठी? मोजणीतली चूक वर्गमूळाच्या नियमाने चालते. ४०० मोजले तर चूक २०, म्हणजे ५ टक्के. १०० मोजले तर १० टक्के. २५ मोजून हात झटकले तर २० टक्के, आणि ९५ टक्के खात्रीची मर्यादा त्याच्या जवळपास दुप्पट. अशा मोजणीवर ‘१६ मिलियन’ लिहिलं असेल तर खरा आकडा १० पासून २२ पर्यंत कुठेही असू शकतो. त्या माणसाचे शुक्राणू कमी आहेत की पुरेसे, हे त्या रिपोर्टवरून सांगताच येत नाही. तरी रिपोर्टवर कधी कधी १६.३७ असे दशांश दिसतात. मोजणी किती ढोबळ होती ते या दशांशांमागे झाकलं जातं.

एका थेंबात काहीच दिसलं नाही म्हणून ‘अ‍ॅझोस्पर्मिया’, म्हणजे वीर्यात शुक्राणूच नाहीत, असं लिहू नये. ३००० जी इतक्या बलाने १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून, तळाचा सगळा गाळ शोधायचा, आणि तेही दोन वेगळ्या नमुन्यांत. गाळात मोजके जिवंत शुक्राणू मिळाले तर इक्सी (एक शुक्राणू थेट बीजांडात सोडणं) करता येतं आणि वृषणावरची शस्त्रक्रिया टळू शकते. खरोखरच काही नसेल तर पुढचा प्रश्न अडथळा की निर्मितीचा दोष. एफएसएच (वृषणाला चालना देणारा हार्मोन) चढलेला आणि वृषण लहान असतील तर निर्मितीचा दोष बहुधा. मग कॅरिओटाइप (गुणसूत्रांची एकूण तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी मायक्रो-टेसेच्या, म्हणजे वृषण उघडून शुक्राणू शोधण्याच्या ऑपरेशनच्या, आधी व्हायला हवी, नंतर नाही. वाय गुणसूत्राचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गळालेला असेल तर वृषण उघडून शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. एझेडएफ-सी मध्ये मात्र पुष्कळदा मिळतात. एका रक्ततपासणीने टळणारं ऑपरेशन करून बसणं याला काही अर्थ नाही.

आता मर्यादेचा गोंधळ. २०२१ च्या आवृत्तीतले खालचे आकडे असे: आकारमान १.४ मिलीलीटर, दर मिलीलीटरला १६ मिलियन, एकूण ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हे आले कुठून? ज्यांच्या जोडीदाराला १२ महिन्यांच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांच्या नमुन्यांतून, आणि तेही तळाच्या पाच टक्क्यांची रेघ म्हणून. म्हणजे वर्षाच्या आत बाप होणाऱ्या शंभरांतले पाच जण या रेघेखालीच असतात. रेघेच्या वर असणं म्हणजे प्रजननक्षम असण्याचा दाखला नाही, आणि खाली असणं म्हणजे नापास नाही. १९९९ च्या आवृत्तीत ही रेघ २० मिलियनवर होती, २०१० मध्ये ती १५ वर आली. १७ मिलियनचा माणूस एका रात्रीत ‘कमी’ मधून ‘नॉर्मल’ मध्ये गेला, त्याच्या वृषणात काहीही बदल न होता. जुन्या आणि नव्या अभ्यासांतली टक्केवारी शेजारी शेजारी मांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. योग्य आकाराच्या चार टक्क्यांचंही तसंच. ‘९६ टक्के शुक्राणू बिघडलेले’ असं वाचून माणसं हादरतात. निकष काटेकोर करत नेले म्हणून हा आकडा इतका खाली आला आहे.

उपचारांच्या अभ्यासात घोळ होतो तो बहुधा वेळेचा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, शिवाय एपिडिडिमिसमधला, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीतला, प्रवास वेगळा. आज दिसणारा नमुना हा अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या वृषणाचा हिशेब असतो. मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तर आकडा आता पडेल, आणि ताप विसरला गेलेला असेल. म्हणून पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी, आणि व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतरही तीन ते सहा महिन्यांनी. महिनाभर गोळ्या देऊन संख्या वाढली असं सांगणारा अभ्यास निर्मितीबद्दल काहीच सांगत नाही.

त्यात आणखी एक गंमत. एकाच पुरुषाचे नमुने आठवड्यागणिक पुष्कळ वरखाली होतात. अभ्यासात घेताना एका कमी आकड्यावरून माणसं निवडली की दुसऱ्या वेळी त्यांची सरासरी आपोआप वर येते, काहीही न देता. गोळी न मिळालेला गट नसेल तर ही वाढ गोळीच्या खात्यात जमा होते. पूरक गोळ्यांचा धंदा बराचसा यावरच चालतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॅझ्ट चाचणीत २,३७० जोडप्यांमधल्या पुरुषांना सहा महिने ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड किंवा नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिली. संख्या, हालचाल, जन्मलेली मुलं, कशातही फायदा दिसला नाही. उलट डीएनए तुटण्याचं प्रमाण औषधाच्या गटात किंचित जास्त आणि पोटाच्या तक्रारी अधिक. त्याच वर्षीच्या मॉक्सी चाचणीत अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणाचंही तेच झालं. एवढं होऊनही या गोळ्या लिहिल्या जातातच.

टेस्टोस्टेरॉनबद्दल मात्र शंका नको. बाहेरून घेतलं की मेंदूकडून येणारे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन बंद पडतात, आणि वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे रक्तातल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त लागतं, ते कोसळतं. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅम इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं आणि बहुतेक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. मूल हवं असताना ‘ताकदीसाठी’ हे देणं म्हणजे गर्भनिरोधकच देणं. बंद केल्यावर संख्या सहसा परत येते, पण सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागतं. शून्य आकड्याचा रिपोर्ट आला की जिममधल्या इंजेक्शनांबद्दल न लाजवता विचारावं.

राहिला जगभरच्या घटीचा प्रश्न. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या गटाने ६१ अभ्यास एकत्र करून १९४० मधले दर मिलीलीटर ११३ मिलियन १९९० पर्यंत ६६ वर आले असं मांडलं. २०१७ आणि २०२२ च्या मोठ्या संकलनांनी ही घट पुन्हा दाखवली. त्यांनी निदान चेंबरमध्ये मोजलेलेच अभ्यास घेतले, हे त्यांचं बळ. तरी आधीच्या दशकांत कोण पुरुष नमुने देत होते, पिपेट कुठली होती, किती मोजले, हे मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. मला जास्त विश्वास वाटतो तो डेन्मार्कच्याच दुसऱ्या कामावर. १९९६ पासून तिथे सैन्याच्या वैद्यकीय तपासणीला येणाऱ्या तरुणांकडून नमुने घेतले जातात, वर्षानुवर्षं तीच लॅब, तीच पद्धत. पहिल्या पंधरा वर्षांत त्यात घट दिसली नाही, उलट किंचित वाढच दिसली. मात्र सगळ्या तरुणांचा आकडा मुळातच फारसा चांगला नव्हता. १९४० शी तुलना करण्यापेक्षा तो आकडा तिथे अडकला का आहे, हा प्रश्न जास्त कामाचा आहे, आणि तो विचारता येतो कारण मोजण्याची पद्धत मधे बदललेली नाही.